बापाचं नाव आधी ठरव

पत्र:

ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं डब्लिनमध्ये आहे. यंदा इथल्या एका रीएनॅक्टमेंट गटात आम्ही तिघं सामील झालो. १०१४ साली डब्लिनपाशी झालेल्या क्लॉन्टार्फच्या लढाईच्या सुमाराचं आयर्लंड हा गट उभं करतो. तंबू, चुली, सूतकताई, ढाली-भाले सगळं असतं. प्रत्येकाने त्या काळात शोभेल असं गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं, नाव घ्यायचं हा नियम. मी बाळांच्या नावांच्या एका साइटवरून ‘फियोना मॅकब्रायन’ निवडलं. गटातल्या एका जुन्या बाईंनी ऐकताक्षणी सांगितलं, यातलं काहीच चालणार नाही. मला फार लागलं. नवरा म्हणतो, हौस म्हणून करायचं तर एवढा काथ्याकूट कशाला? त्याने माझ्यासाठी ‘डियर्ड्रा’ सुचवलंय, मुलाला ‘लियम’ व्हायचंय. माझं खरं नाव ‘स’वरून आहे, तसं काही मिळेल का? आणि मनातली शंका विचारते, सावळ्या मराठी बाईने गेलिक नाव लावलेलं बरं दिसतं का?
स., डब्लिन

उत्तर:

प्रिय स.,

त्या बाईंचा राग धरू नकोस. त्यांचं म्हणणं खरं आहे, कारणं सांगायची तेवढी राहिली. ती मी सांगते, म्हणजे नवं नाव निवडताना तुला कुणाच्या होकाराची वाट बघायला नको.

‘फियोना’ हे नाव १०१४ साली कुणाचंच नव्हतं. अठराव्या शतकात जेम्स मॅकफर्सन या स्कॉटिश कवीने ओसियन नावाच्या प्राचीन कवीचं म्हणून जे काव्य छापलं, त्यातून ते पुढे आलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका लेखकाने ‘फियोना मॅक्लाउड’ हे टोपणनाव घेतल्यावर ते रुळलं. म्हणजे नुसतं पुढे यायलाच क्लॉन्टार्फनंतर साडेसातशे वर्षं गेली. ‘मॅकब्रायन’ची अडचण वेगळी आहे. मॅक म्हणजे मुलगा. आज ते आडनावाला चिकटून गेलंय, म्हणून आपल्याला खटकत नाही. पण त्या काळी ते ज्याच्या-त्याच्या तोंडी जिवंत होतं. एखाद्या बाईने स्वतःला मॅक म्हणवलं असतं, तर ऐकणाऱ्याने तिच्यामागे मुलगा उभा आहे का ते पाहिलं असतं.

आता तुझं नाव. तू सुरुवात उलट्या टोकाने केलीस, आणि बहुतेक सगळे तशीच करतात: गोड वाटणारं पहिलं नाव आधी, बाकीचं मागाहून. अकराव्या शतकातल्या गेलिक माणसाची ओळख बापापासून सुरू व्हायची. क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेलेला राजा आज सगळ्यांना ब्रायन बोरु म्हणून माहीत आहे. शकावल्यांत, म्हणजे वर्षवार नोंदींच्या जुन्या पोथ्यांत, त्याची ओळख ब्रायन मॅक केनेडिग अशी आहे, केनेडिगचा मुलगा ब्रायन. आणखी नेमकं सांगायचं तर पुढे ‘मेक लॉर्कान’, म्हणजे हा केनेडिग लॉर्कानचा. आडनाव नाही, गाव नाही. नाव, बाप, हवा तर आजा. बाईच्या बाबतीत मॅकच्या जागी ‘इन्येन’ येतं. ते आय, एन, जी, ई, एन असं लिहितात. अर्थ मुलगी.

म्हणून तू आधी बाप निवड. माझी सूचना कॉर्मक. साधं, त्या काळात खूप चालणारं नाव, आणि हजार वर्षांत उच्चार फारसा बदललेला नाही, त्यामुळे गटात कुणाची जीभ अडखळणार नाही. पण ‘इन्येन’च्या पुढे कॉर्मक जसंच्या तसं ठेवायचं नाही. आपण ‘सोनारची मुलगी’ म्हणत नाही, ‘सोनाराची’ म्हणतो. जुन्या आयरिशमध्येही षष्ठीत नावाचं अंग बदलतं, आणि बदल पुष्कळदा शब्दाच्या पोटात होतो. सी, ओ, आर, एम, ए, सी या कॉर्मकमध्ये शेवटच्या ए आणि सीच्या मधे एक आय घुसतो. झालं ‘इन्येन कॉर्मिक’. डोव्नल, कथल, टाइग या नावांनाही असाच एक आय लागतो. फर्गसचं फर्गसा होतं, डीर्मिदचं डीर्मदा. नीअलचं नेल होतं, तिथे स्वरच पालटतो. हौशी लोकांची पुष्कळ नावं या एका आयवर आपटतात असं म्हटलं तर फार चुकणार नाही. याच गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात ठेव. जुन्या नोंदीत मॅकच्या पुढे जे रूप दिसतं ते आधीच बदललेलं असतं. ते तसंच उचलून स्वतःचं पहिलं नाव केलंस, तर तू ‘सोनारा’ नावाची बाई होशील.

‘ओ’ लावू का, हा प्रश्न तुझ्या मनात येईलच, कारण डब्लिनमध्ये दर दुसऱ्या दारावर ओब्रायन नाहीतर ओनील दिसतो. १०१४ साठी नको. या ‘ओ’चं जुनं रूप ‘उआ’, म्हणजे नातू. मोठ्या घराण्यांत हा शब्द दहाव्या-अकराव्या शतकात हळूहळू आडनाव झाला, आणि तो कसा झाला ते ओनील घराण्यात स्वच्छ दिसतं. नीअल ग्लूनदुव्ह हा राजा ९१९ मध्ये डब्लिनपाशी लढाईत पडला. त्याचा नातू डोव्नल ९८० मध्ये वारला. त्याला ‘उआ नेल’ म्हणतात ते अगदी शब्दशः, तो नीअलचा नातूच होता. पुढच्या पिढ्या नातू नव्हत्या, तरी त्यांनी तेच लावलं, आणि आडनाव तयार झालं. गंमत अशी की ‘ई नेल’ (‘ई’ हे ‘उआ’चं अनेकवचन) नावाचं राजकुळ याच्या कितीतरी आधीपासून होतं, आणि ते पाचव्या शतकातल्या दुसऱ्याच नीअलवरून. ई नेल कुळातले सगळे ओनील नव्हेत. ब्रायनच्या बाबतीत तर तो स्वतःच १०१४ मध्ये गेला. त्याच्या नातवांनी ‘उआ ब्रायन’ लावलं तेव्हा ते नाव सुरू झालं. लढाईच्या दिवशी ओब्रायन आडनावाचा माणूस मैदानात असूच शकत नव्हता.

नवऱ्याचं नाव लावण्याचा विचारही सोडून दे. गेलिक बाई लग्नानंतर बापाचीच राहायची. स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनशरमधल्या डिअर मठाचं एक छोटं पुस्तक आहे, सध्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात असतं. त्याच्या मोकळ्या जागांत बाराव्या शतकात कुणीतरी मठाला मिळालेल्या जमिनींच्या नोंदी गेलिकमध्ये लिहून ठेवल्या. त्यांतल्या एका नोंदीत दान देणारं जोडपं आहे: गार्टनात मॅक कानेख आणि एटे इन्येन गिलेमिखेल. दान एकत्र, संसार एकत्र, आणि ओळीत नावं मात्र आपापल्या बापांची. मला ही ओळ फार आवडते. आयर्लंडमधली डर्व्हरगिल बघ. ब्रेफ्नेच्या उआ रुआर्क राजाची ती बायको; ११५२ मध्ये लेन्स्टरच्या राजाने तिला पळवून नेलं, आणि पुढच्या सगळ्या राजकारणात तिचं नाव निघत राहिलं. ती ११९३ मध्ये मेलिफॉन्टच्या मठात वारली, तेव्हाही नोंद झाली ती मुर्खदची मुलगी म्हणूनच. नवऱ्याच्या घरात तिने वर्षानुवर्षं काढली होती, तरी.

तेव्हा तुमच्या तंबूत तिघांची नावं तीन तऱ्हांची असतील, आणि तेच बरोबर.

आता पहिलं नाव. ‘स’वरून हवं म्हणतेस, तर तुझं नशीब चांगलं. ब्रायनच्याच मुलींमध्ये दोन ‘स’ आहेत. एक स्लान्या, ती डब्लिनचा नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, राजा सिट्रिक याला दिली होती. म्हणजे क्लॉन्टार्फला तिचा बाप एका बाजूला आणि नवरा दुसऱ्या बाजूला होता. दुसरी साइव्ह, १०३१ मध्ये वारली. मी तुला साइव्ह सुचवेन. हे नाव दंतकथेत आहे आणि खऱ्या बायकांनीही लावलंय. या दोन्ही गोष्टी एकत्र सापडणं वाटतं तितकं सोपं नाही. लिहायला अवघी चार अक्षरं: एस, ए, डी, बी. आज आयर्लंडमध्ये त्याचा उच्चार साइव्ह करतात. ब्रायनच्या काळी तो ‘सद्व’च्या जवळ जाणारा असावा. गटात कुठला उच्चार चालतो ते विचारून घे. बरेच गट लिहिताना जुनं आणि बोलताना आजचं असं करतात, आणि त्यात काही वावगं नाही.

फक्त ‘साइव्ह इन्येन ब्रायन’ करू नकोस. ती खरी होऊन गेलेली राजकन्या आहे, तिची जागा तिलाच राहू दे. ‘साइव्ह इन्येन कॉर्मिक’ ही त्याच काळातली, त्याच मुलखातली, कुठेही नोंद न झालेली बाई असू शकते. तुझ्या चुलीपाशी बसायला हीच योग्य.

‘स’चा आग्रह सोडलास तर आणखी नावं आहेत. गॉर्मला हे फार मानाचं नाव. सिट्रिकची आई गॉर्मला, लेन्स्टरच्या मुर्खदची मुलगी, पुढे ब्रायनचीही बायको झाली. ती १०३० मध्ये वारली. डर्व्हरगिल आहे, बेव्हिन आहे, ऑर्ला आहे. आणि मोर आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात तर आयर्लंडमध्ये बायकांच्या नावांत याच्याइतकं दुसरं चाललेलं दिसत नाही. साताऱ्याच्या कानाला ते परकंही वाटणार नाही.

स्पेलिंगबद्दल थोडं थांबून सांगते, कारण त्या बाई पुढची हरकत इथेच घेतील. बाळांच्या नावांच्या साइटवर साइव्ह शोधलंस तर तुला सहा अक्षरं दिसतील: डीच्या मागे एक एच, बीच्या मागे एक एच. हे रूप खोटं नाही, पण ते पुढचं आहे, साधारण १२०० नंतरच्या लेखनाचं. ‘इन्येन’चंही तसंच, पुढे त्यातही एक एच आणि एक ए शिरतो. आजच्या आयरिशमध्ये तर बाईच्या आडनावाआधी ‘नी’ किंवा ‘निक’ लागतं, ती ‘इन्येन’चीच आटलेली रूपं. सोळाव्या शतकातल्या ग्रान्या नी मालियाला, मेयोच्या त्या दर्यावर्दी बाईला, ‘नी’ शोभतं. १०१४ च्या बाईला शोभत नाही. पहिलं नाव अकराव्या शतकाच्या लेखनात आणि बापाचं पंधराव्या शतकाच्या, असं कधी करू नकोस. दोन्ही एकाच काळातली हवीत.

पडताळून बघायचं तर सरळ शकावल्या उघड. युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कच्या ‘सेल्ट’ या संकेतस्थळावर त्या फुकट वाचायला मिळतात. तुझ्यासाठी अल्स्टरची शकावली आणि इनिशफॉलनची शकावली या दोन पुरे. इनिशफॉलनच्या पोथीचं लेखन १०९२ च्या सुमारास सुरू झालं, ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. म्हणजे तिच्यातलं स्पेलिंग क्लॉन्टार्फनंतर नातवांच्या काळातलं. ‘चार पंडितांची शकावली’ जास्त प्रसिद्ध आहे, पण ती १६३२ ते १६३६ मध्ये संकलित झाली. तिच्यात अकराव्या शतकातली माणसंसुद्धा पुष्कळदा सतराव्या शतकाच्या लेखनात भेटतात. घटना शोधायला ती वापर, स्पेलिंग तिथून घेऊ नकोस. इंग्रजी भाषांतराच्या शेजारी आयरिश मजकूरही उघडा ठेव, कारण भाषांतरात नावं सुटसुटीत केलेली असू शकतात.

वाचायला बसलीस की एक गोष्ट तुझ्या लक्षात येईल. पानंच्या पानं राजे, मठाधिपती, कापलेली मुंडकी, पळवलेली गुरं, आणि मधेच कुठेतरी एका ओळीत एक बाई. अमकीची मुलगी नव्हे, अमक्याची मुलगी, अमक्याची राणी, वारली. बस. तीही राणी किंवा मठाची प्रमुख होती म्हणून. चूल सांभाळणाऱ्या, सूत कातणाऱ्या बायकांना तेवढीही ओळ मिळाली नाही. म्हणूनच मला वाटतं की जी थोडीशी नावं हाती लागली आहेत, त्यांतलंच एक नीट लिहून, नीट म्हणून वापरावं. तुझ्या नवऱ्याला हे सांग. खेळ आहे, मान्य. पण तुम्ही शिलाई हाताने करता, कापड खरं लोकरीचं वापरता, बटाटा चुलीवर येऊ देत नाही, कारण तो तेव्हा तिथे नव्हता. मग नावाने काय घोडं मारलंय? आणि आयरिश भाषा आज मोजक्या भागांतच घरची भाषा म्हणून उरली आहे. तिच्या नावांशी वाटेल तसं वागलेलं तिथल्या माणसांना का टोचतं, हे मराठी माणसाला तरी समजावं.

नवऱ्याने सुचवलेलं ‘डियर्ड्रा’ नको. ती प्राचीन शोककथेतली नायिका. खऱ्या मुलींना हे नाव ठेवायला सुरुवात झाली ती आधुनिक काळात, आयरिश साहित्याच्या पुनरुज्जीवनानंतर. ‘सीर्शा’ वगैरे तर विसाव्या शतकातली. आणि कुणी ब्रिजिट सुचवलं तर तेही टाळ: त्या संतिणीबद्दल इतका आदर होता की तिचं नाव उघडं सहसा ठेवत नसत. ब्रिजिटचा सेवक या अर्थी ‘मेल ब्रिग्ते’ ठेवत, आणि तेही पुरुषांना.

मुलाचं ‘लियम’ हे विल्यमचं आयरिश झालेलं रूप, नॉर्मन लोकांबरोबर आलेलं. नॉर्मन आले ११६९ मध्ये. शॉन, शिवॉन, शिनेड ही सगळी त्याच वाटेने आलेली. त्याला लॉर्कान सुचव. ब्रायनच्या आजोबांचं नाव तेच होतं, आणि पुढे बाराव्या शतकात डब्लिनला याच नावाचा आर्चबिशप झाला, जो संत मानला जातो. नवऱ्याला ‘नीअल मॅक फर्गसा’ शोभेल. मग मुलगा होईल ‘लॉर्कान मॅक नेल’. पोराला एखादं टोपणनाव हवंच असेल तर दिसणाऱ्या गोष्टीवरून दे: ‘बेक’ म्हणजे लहान, ‘दुव्ह’ म्हणजे काळ्या केसांचा. नोंदींत अशी साधी, लोकांनी दिलेली विशेषणं भरपूर आहेत. लांडगे मारणारा, वादळाचा पुत्र असली स्वतःची स्वतःला बहाल केलेली बिरुदं नकोत.

राहिली तुझी शेवटची शंका. खरं तर तू ती पहिली विचारायला हवी होतीस, कारण पत्रात सगळ्यात जड तीच आहे. १०१४ चं डब्लिन हे नॉर्स लोकांनी वसवलेलं व्यापारी बंदर होतं. तिथला राजा सिट्रिक, बाप नॉर्स, आई आयरिश. नॉर्स ओलाफ आयरिश लेखणीत अव्लिव्ह झाला, रॅग्नहिल्डची रॅग्नल्ट झाली, आणि आयरिश घरांतही ही नावं गेली. आयर्लंडच्या ‘तुटक शकावली’त तर नवव्या शतकातली एक हकीकत आहे: नॉर्स दर्यावर्दी स्पेनच्या पलीकडे मॉरिटेनियापर्यंत, म्हणजे उत्तर आफ्रिकेपर्यंत गेले, तिथली माणसं पकडून आयर्लंडला आणली. त्यांना तिथे ‘फिर गॉर्मा’ म्हटलंय, शब्दशः निळी माणसं, म्हणजे काळ्या वर्णाची, आणि ती बराच काळ आयर्लंडमध्ये होती असंही पुढे लिहिलंय. ती बिचारी गुलाम म्हणून आली, यात मिरवण्यासारखं काही नाही. पण त्या बेटावर सावळा चेहरा कधी कुणी पाहिलाच नव्हता, असं कुणी तुला सांगितलं तर ते खरं नाही.

त्याहून साधं उत्तर असं की गटातला कुणीच १०१४ चा नाही. तो ढाल धरणारा बँकेत असेल, ती चाती फिरवणारी शाळेत शिकवत असेल. तुम्ही सगळे सारख्याच लांबून तिथे जाता. प्रेक्षकांसमोर तू चुलीवर काय शिजतंय ते नीट समजावतेस का, चाती कशी फिरते ते दाखवतेस का, हे महत्त्वाचं. तुझ्या वर्णाचा त्याच्याशी संबंध नाही. कुणी जाणूनबुजून टोकलंच, तर ते तू एकटीने गिळू नकोस, गटाच्या प्रमुखांना सांग. ती त्यांची जबाबदारी आहे.

आता एक कार्ड घे आणि तिघांची नावं जुन्या लेखनात लिही. शेजारी पहिलं नाव आणि बापाचं नाव कुठल्या शकावलीत, कुठल्या सालाच्या नोंदीत सापडलं ते टिपून ठेव. अमेरिकेतल्या बर्कलीत १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ या मध्ययुग उभं करणाऱ्या हौशी संस्थेत नाव नोंदवायचं तर असा पुरावा मागतातच, पण तुमच्या गटाने मागितला नाही तरी तो जवळ असू दे. त्या जुन्या बाईंना कार्ड आधी दाखव. मला वाटतं त्या खूश होतील, आणि उच्चारही त्याच शिकवतील. पुढच्या हंगामात गट ११७० च्या वॉटरफर्डवर गेला तर मात्र पुन्हा लिही. तेव्हा ‘उआ’वाली आडनावं खुशाल लावता येतील, पण बाईच्या ‘इन्येन’पुढे ‘उआ’चं षष्ठीत ‘ई’ होतं.

तुझी,
ताई